काळ्या रंगाचे पाठभेद

शब्दांच्या बाबतीत आपण मराठी माणसे मोठी चोखंदळ. एखाद्या जुन्या ग्रंथाच्या दोन प्रतींत एका मात्रेचा फरक सापडला, तरी त्यावर लेख पडतात, सभा भरतात आणि दोन विद्वानांचे बोलणे कायमचे बंद होते. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि तीत स्वतःची ओवी घुसडणाऱ्याला अमृताच्या ताटात करवंटी ठेवणाऱ्याच्या पंक्तीला बसवले. राजवाड्यांनी १९०९ साली आपल्या हाती आलेली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत छापून पाठांचा वाद पुन्हा पेटता केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ साली हाती घेतली, ती १९६६ साली पुरी झाली. एका ग्रंथाचे शब्द नीट लावण्यासाठी माणसांच्या दोन पिढ्या खपल्या, आणि त्याचे आपल्याला कौतुकच वाटते.

ही चोखंदळ नजर चित्राकडे वळली, की कशी कोण जाणे, एकदम मिटते. पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत एखाद्या शब्दाऐवजी दुसरा छापला गेला, तर लेखक प्रकाशकाच्या दारात जाऊन बसतो. परंतु त्याच पुस्तकाच्या मुखपृष्ठावरची संध्याकाळ दुसऱ्या आवृत्तीत दुपार होऊन आली, तर “छपाई जरा फिकी आली” एवढे म्हणून आपण पान उलटतो. छापील चित्रालाही पाठ असतो, आणि म्हणून पाठभेदही असतात, हे आपल्या मनातच येत नाही. त्या पाठभेदांची समीक्षा करता येते का, याचा एक प्रयोग मी या लेखात करणार आहे. प्रयोगाला उदाहरण माझ्याच एका कादंबरीच्या मुखपृष्ठाचे घेतले आहे. त्यात आत्मगौरवाचा हेतू नाही. त्या चित्राचे दोन्ही पाठ माझ्या हाताशी आहेत आणि चित्रकाराचे मन मला ठाऊक आहे, एवढेच कारण.

आधी थोडे शाळेतल्यासारखे. छापखान्यात हजार रंगांच्या चित्राला हजार शाया लागत नाहीत, लागतात चार. एक निळी, आकाशी झाक असलेली, एक किरमिजी, एक पिवळी आणि एक काळी. छापखान्यातली मंडळी त्यांना सायन, मॅजेन्टा, यलो आणि ब्लॅक म्हणतात. मूळ चित्रातला प्रत्येक रंग या चौघांत वाटून द्यायचा, प्रत्येकाची वेगळी प्लेट करायची आणि त्या चार प्लेटा एकावर एक नेमक्या जुळवून छापायच्या. या वाटणीला रंगविभाजन म्हणतात. वास्तविक पहिल्या तीन शायांतच सारे भागायला हवे. पण शाई ही काही शास्त्राच्या पुस्तकातली शुद्ध वस्तू नव्हे. निळी, किरमिजी आणि पिवळी भरपूर एकत्र केली, की काळ्याऐवजी चिखलासारखा तपकिरी रंग हाती येतो. म्हणून चौथी काळी शाई मदतीला घ्यावी लागते.

इथे एक गंमत आहे, आणि माझ्या लेखाचा सारा जीव तिच्यात आहे. काळोखाची एखादी छटा तीन रंगांच्या मिश्रणातून साधता येते, तशीच नुसत्या काळ्यातूनही साधता येते, आणि या दोन टोकांच्या मध्ये वाटेल तितके मार्ग आहेत. म्हणजे चित्र एक असले, तरी त्याची वाटणी शंभर तऱ्हांनी करता येते. कुठली वाटणी घ्यायची हे कुणीतरी ठरवावे लागते. जिथे निवड आली तिथे अर्थ लावणे आले, आणि अर्थ लावणे आले की समीक्षकाला दार उघडे झाले.

पूर्वी ही निवड माणूस करी. राजा रविवर्म्यांच्या छापखान्याचेच पाहा. १८९४ साली तो मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे चित्रे दगडावरून छापली जात. प्रत्येक रंगाला एक दगड. तैलचित्र समोर ठेवून कारागीर ठरवी, की लक्ष्मीच्या गालाची लाली या दगडावर, तिच्या सावलीतला तपकिरी त्या दगडावर. मग ठिपका ठिपका मांडून तो दगड सजवी. पुढे ब्लॉकचे दिवस आले. चित्राचा फोटो लाल, हिरव्या आणि निळ्या काचेतून तीनदा घ्यायचा. लाल काचेतून सायनचा ठसा मिळे, हिरवीतून किरमिजीचा आणि निळीतून पिवळ्याचा. ही झाली यंत्राची वाटणी. पण त्या ठशावर तेजाब लावून कुठला ठिपका किती बारीक करायचा, हे ब्लॉक करणाऱ्याच्या डोळ्यावर असे. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केले. तेव्हापासून घरोघर पोहोचलेल्या रंगीत मुखपृष्ठांत चित्रकाराच्या कुंचल्याइतकाच या अनाम कारागिरांच्या डोळ्यांचा वाटा आहे. आज दगड गेला, ब्लॉक गेला, फिल्मही जवळजवळ गेली. वाटणीचे काम संगणकातले एक कोष्टक करते. कुठल्या कागदावर, कुठल्या शाईने, किती दाट छापायचे याचे आकडे त्यात भरलेले असतात. कारागीर नाहीसा झालेला नाही, तो कोष्टकात जाऊन बसला आहे. फरक इतकाच, की कारागीर चित्राकडे बघत असे आणि कोष्टक बघत नाही.

आता माझ्या उदाहरणाकडे येतो. कादंबरी कोकणातल्या एका बाईची आहे. नवरा बोटीवर नोकरीला गेला आणि त्याचे पत्र येणे थांबले. दोन वर्षे गेली, पाच गेली. गावाने मनातल्या मनात त्याचे क्रियाकर्म उरकून टाकले. बाईने मात्र कुंकू पुसले नाही, आणि दर संक्रांतीला ती आपली चंद्रकळा नेसत राहिली. गावाला त्या काळ्या लुगड्यात अशुभ दिसे, तिला त्यात सौभाग्य दिसे. एवढीच गोष्ट.

चित्रकारांनी कादंबरी दोनदा वाचली आणि मग जे चित्र काढले त्यात बाईचा चेहराच नाही. आपण घराच्या आत आहोत. डाव्या हाताला चुन्याची जुनी भिंत, समोर उघडे दार, दाराबाहेर अमावास्येसारखी रात्र. दारात ती पाठमोरी उभी, डोक्यावरून पदर घेतलेला. उजवा हात बाहेर काढून तिने पणती धरली आहे. मनगट, बांगड्या आणि ज्योत उजेडात. बाकी सारी बाई म्हणजे काळी चंद्रकळा, आणि तिच्यापलीकडे काळी रात्र. काळ्यावर काळे! मी चित्र पाहून म्हटले, “हे छापणार कसे?” ते हसले आणि म्हणाले, “रात्र थंड आहे, लुगडं ऊबदार आहे. छापणाऱ्याला एवढं कळलं की झालं.” पहिल्या आवृत्तीच्या वेळी ते स्वतः छापखान्यात जाऊन यंत्रापाशी उभे राहिले होते. त्यांनी मंजूर केलेला नमुन्याचा कागद माझ्यापाशी आहे. त्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिले आहे, ‘रात्र निळसर. लुगडे तांबूस. ज्योत स्वच्छ ठेवणे.’ खाली सही. आता ते हयात नाहीत. त्यामुळे तो कागद मला जुन्या पोथीच्या स्वहस्तलिखित प्रतीइतका मोलाचा वाटतो.

नव्या आवृत्तीच्या वेळी प्रकाशकांनी दुसऱ्या एका छापखान्यातून फाइल तयार करून घेतली आणि मंजुरीसाठी मला पाठवली. जुनी फाइल माझ्याकडे होतीच. पोथ्यांच्या शेवटी लेखकूचे नाव आणि तिथी असते. या पोथ्यांच्या नावातच सारा इतिहास होता. एकीचे नाव ‘फायनल’, दुसरीचे ‘फायनल-नवीन-२’. पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या, तर दोघी जुळ्या बहिणी. फाइल करणारा मुलगा फोनवर म्हणाला, “सर, काहीच फरक नाही. तुम्हीच बघा ना.” पडद्यावर पाहिले तर त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पण पडदा उजेडाने रंगतो आणि कागद शाईने. पडद्यावर दोन फाइली सारख्या दिसल्या म्हणून त्या सारख्या छापल्या जातील असे नाही. दोन विद्यार्थ्यांची उत्तरे सारखी आली, तर आम्ही मास्तर मंडळी उत्तर सोडून रीत तपासतो. इथेही रीत तपासायला हवी होती.

रीत तपासण्याची सोय आहे. फाइल पाहण्याच्या प्रोग्राममध्ये एकेका शाईवरची खूण काढून टाकली, की ती शाई नाहीशी होते. तीन झाकून एकच प्लेट एकटी पाहता येते. चित्रावर कुठेही बोट ठेवल्यासारखे केले, की तिथे कुठली शाई शंभरात किती आहे तेही आकड्यांत दिसते. मी आधी दोन्ही फाइलींच्या काळ्या प्लेटा शेजारी ठेवल्या, मग निळ्या, मग किरमिजी, मग पिवळ्या. दोन पोथ्यांच्या ओव्या एकीखाली एक लिहून ताडाव्यात तसे. आणि जुळ्या म्हणून समोर आलेल्या त्या दोघी साफ परक्या निघाल्या.

जुन्या फाइलीतली निळी प्लेट एकटी पाहिली, तर तिच्यात रात्र भरगच्च होती आणि मध्ये बाईच्या आकाराची फिकी पोकळी होती. पिवळ्या प्लेटेत नेमके उलट. तिथे रात्र फिकी आणि बाई दाट. नुसत्या या दोन प्लेटा पाहून चित्र काय आहे ते सांगता यावे. आकडेच द्यायचे तर रात्रीत निळा ८५, किरमिजी ६५, पिवळा ४० आणि काळा ९०. लुगड्यात निळा ५५, किरमिजी ७५, पिवळा ७० आणि काळा ९०. काळी शाई दोन्हीकडे तेवढीच. फरक सारा इतर तिघींनी सांभाळलेला. नव्या फाइलीत रात्र म्हणजे निळा ३८, किरमिजी ३०, पिवळा २४, काळा ९६. लुगडे म्हणजे निळा ३४, किरमिजी ३३, पिवळा ३०, काळा ९६. निळ्यात दोहोंमध्ये तीसचे अंतर होते, ते चारवर आले. पिवळ्यात तीसचे होते, ते सहावर. काळी शाई दोन्हीकडे अंगावर येऊन बसली आणि तिच्याखाली बाकीच्या तिघी गुदमरल्या.

गृहिणींना यात काही नवल वाटणार नाही. काळा मसाला काळा दिसतो तो त्यात एखादी काळी वस्तू ओतून नव्हे. खोबरे वेगळे भाजावे लागते, तीळ वेगळे, धणे वेगळे, दगडफूल वेगळे, आणि प्रत्येक जिन्नस आपापल्या आचेवर उतरावा लागतो. कुणी तव्याची काजळी खरवडून घातली, तर रंग येईल, मसाला होणार नाही. चित्रकारांनी रात्रीला एक मसाला दिला होता आणि लुगड्याला दुसरा. नव्या फाइलीने दोन्हींत एकच काजळी घातली.

नमुन्याच्या छपाईत हे कसे उतरते ते पाहावे म्हणून मी दोन्ही फाइलींचे कागद काढून घेतले आणि पाचवीच्या वर्गात, काही न सांगता, फळ्याला लावले. “काय दिसतं?” म्हणून विचारले. जुन्या कागदावर मुलांनी दार सांगितले, पणती सांगितली, “काळं लुगडं नेसलेली बाई” सांगितली. नव्यापुढे वर्ग थोडा घुटमळला. मग पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, हा हात कुणाचा आहे?”

मला वाटते, या एका प्रश्नात नव्या पाठाची सगळी समीक्षा आली. माझ्या कादंबरीतल्या गावाला जे वीस वर्षांत जमले नाही, ते एका कोष्टकाने क्षणात केले. बाई अंधारात विरघळवून टाकली.

असे का झाले, तेही पाहिले पाहिजे. नुसता दोष दाखवणे हे काही समीक्षेचे काम नव्हे. जुन्या फाइलीत चित्र वेगळे होते आणि अक्षरे वेगळी होती. नवी करताना सगळ्या मुखपृष्ठाचे मिळून एकच चित्र केले गेले. ते आधी पडद्याच्या, म्हणजे उजेडाच्या, रंगांत उतरवले गेले आणि तिथून पुन्हा चार शायांत वाटले गेले. एका भाषेतून दुसरीत आणि परत पहिलीत, असा हा अनुवादाचा अनुवाद. त्यातही परत येताना जे कोष्टक वापरले ते वर्तमानपत्राच्या कागदाचे होते. वर्तमानपत्राचा कागद पातळ आणि शाई पिणारा. त्यावर चारी शाया मिळून २४० पेक्षा जास्त भार टाकू नये असा संकेत आहे, नाहीतर शाई वाळत नाही आणि पलीकडच्या पानाला लागते. मुखपृष्ठाचे गुळगुळीत आर्ट कार्ड ३०० पर्यंत भार आनंदाने सोसते. जुन्या लुगड्याची बेरीज २९० होती, नव्या लुगड्याची १९३. पेलवान माणसाला आजाऱ्याची पेज वाढण्यातला हा प्रकार.

दुसरा पाठभेद ज्योतीतला. जुन्या फाइलीत ज्योतीचा गाभा म्हणजे पिवळा १०० आणि किरमिजी २५. निळा शून्य, काळा शून्य. नव्या फाइलीत तिथे निळा ६ आणि काळा ३ शिरला आहे, आणि पिवळा ९१ वर उतरला आहे. शंभरात सहा आणि तीन म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण भिंग लावून पाहा. पिवळ्या उजेडात निळे-काळे बारीक ठिपके तरंगताना दिसतात. भिंगाशिवाय ठिपके दिसत नाहीत, ज्योत मळकी मात्र दिसते. रॉकेलच्या चिमणीची ज्योत अशी असते, पणतीची नसते. पहिल्या पाठभेदात अर्थ बुडाला होता, इथे तो बदलला आहे. तेलवात नीट करून वाट पाहणारी बाई आणि काजळी धरलेला दिवा घेऊन उभी असलेली बाई, या दोन वेगळ्या बाया आहेत. पहिलीच्या मनात आशा शिल्लक आहे.

तिसरा पाठभेद अक्षरांतला, आणि तो आपल्या नागरी लिपीच्या वर्मावर बसतो. पुस्तकाच्या मलपृष्ठावर कादंबरीविषयी दहा-बारा ओळी आहेत. जुन्या फाइलीत ती अक्षरे फक्त काळ्या प्लेटेवर होती. काळ्या शाईचा एकच ठसा, खालच्या रंगावर सरळ वरून छापलेला. नव्या फाइलीत अक्षरांचेही चित्र झाले, आणि चित्र झाल्यावर त्यांचीही चौघींत वाटणी झाली. आता प्रत्येक अक्षर चारदा छापले जाणार आणि चारी ठसे एकमेकांवर केसाइतकेही न चुकता बसायला हवेत. यंत्र चालू असताना कागद ओढला जातो, ओलाव्याने थोडा ताणला जातो, आणि दहाव्या हिश्श्याच्या मिलिमीटरने का होईना, ठसे सरकतात. सरकले की अक्षराच्या एका बाजूला तांबूस किनार येते आणि दुसऱ्या बाजूला निळसर. मोठ्या मथळ्याला ते खपून जाईल. पण बारीक टायपातला रफार, रुकार, आणि सर्वांत गरीब बिचारा अनुस्वार, यांनी काय करावे? इवल्याशा टिंबाचे चार तुकडे होऊन चार दिशांना गेले, की डोळ्याला टिंब दिसत नाही, धूळ दिसते. अनुस्वारावाचून ‘मंद’ पणतीचा ‘मद’ होतो. महाभारताचे संपादक ज्या चुकीसाठी लेखकूला दोष देत, ती चूक इथे शाई करते.

यातला चमत्कार लक्षात घ्या. रात्रीला चारी शाया हव्या होत्या, तिथे नव्या फाइलीने एकीवर भागवले. अक्षरांना एकच शाई हवी होती, तिथे तिने चौघींना पाचारण केले. दोन्ही ठिकाणी ‘काळा’ हाच रंग. म्हणजे काळा किती दाट असावा याला एक उत्तर नाही. तो काळा कुणाचा आहे हे आधी विचारावे लागते. कोष्टकाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याला अक्षर आणि अंधार यांत फरक दिसत नाही.

पण न्याय दोन्ही बाजूंनी करावा. चौथ्या पाठभेदात मी नव्या फाइलीच्या बाजूचा आहे. डाव्या हाताची ती चुन्याची भिंत! जुन्या फाइलीत तिचा राखाडी रंग निळा ३८, किरमिजी ३० आणि पिवळा ३२ यांच्या तोलावर उभा होता, काळा मुळीच नव्हता. तिघांच्या तोलावर उभी असलेली वस्तू एकाने जरा जोर केला की कलते. यंत्रावर किरमिजी थोडी जास्त सुटली की भिंत गुलाबी होई, निळी आणि पिवळी जास्त झाली की शेवाळलेली दिसे. पहिल्या आवृत्तीच्या माझ्याजवळच्या दोन प्रतींत या भिंती दोन वेगळ्या घरांच्या वाटतात. नव्या फाइलीने तिघांचे ओझे उतरवून काळा ३४ केला आणि निळा ८, किरमिजी ३, पिवळा ६ एवढेच झाक म्हणून ठेवले. आता शाई कमीजास्त झाली तर भिंत थोडी उजळ किंवा थोडी काळवंडलेली दिसेल, रंग मात्र बदलणार नाही. शाईही कमी लागते आणि वाळतेही लवकर. चित्रकारांनी कागदाच्या कडेला भिंतीविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. त्यांना ती फक्त स्थिर हवी असणार. तेव्हा हा नवा पाठ जुन्यापेक्षा सरस आहे, हे मान्य केले पाहिजे. जुने तेवढे सोने मानणारा संपादक आणि नवे तेवढे सुधारलेले मानणारा छापखाना, दोघेही सारखेच आळशी.

यावर कुणी म्हणेल, मास्तर, छापणाऱ्याने रंग बदलले म्हणून चित्र नेहमी बिघडतेच कशावरून? नाही बिघडत. जपानच्या होकुसाईने १८३० च्या सुमारास फुजी पर्वताची चित्रमाला काढली. लाकडी ठशांवरून छापलेल्या त्या मालेतला तांबडा फुजी आज जगाच्या ओळखीचा आहे. पण त्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रतींत पर्वत हलक्या गुलाबी-तपकिरी छटेचा आहे आणि आकाशही संयमाने रंगवलेले आहे. तो ठसठशीत तांबडा आणि गडद निळा पुढच्या छपाईत आला, आणि लोकांनी तोच उराशी धरला. आपल्याकडेही किती घरांत रविवर्म्याचे मूळ तैलचित्र पाहिलेले असते? देवघरात पुजली गेली ती दगडावरून छापलेली लक्ष्मी. छापणाऱ्याने केलेला बदल हा दुसऱ्या कलावंताचा अर्थ असू शकतो, आणि कधी कधी तो मुळाला भारीही पडतो.

म्हणून बदल झाला की नाही हा माझा प्रश्नच नाही. बदल करणाऱ्याने चित्राकडे पाहिले होते की नव्हते, एवढेच मी विचारतो. तांबडा फुजी छापणाऱ्याने पर्वताकडे पाहिले होते. त्याला तो अधिक तांबडा हवा होता. रविवर्म्याच्या छापखान्यातल्या कारागिराने लक्ष्मीच्या गालाकडे पाहिले होते. आमच्या नव्या फाइलीत चंद्रकळेकडे कुणी पाहिलेच नाही. तो बदल कुणी केला नाही, तो झाला. न पाहता झालेल्या बदलाला मी दुसरा अर्थ म्हणत नाही, धूळ म्हणतो.

हे सगळे मी प्रकाशकांना सविस्तर लिहिले आणि त्या मुलालाही फोनवर सांगितले. चित्र जुन्या फाइलीतून घ्यावे, अक्षरे पुन्हा एका काळ्या प्लेटेवर आणावीत, ज्योतीतला निळा-काळा पुसावा, आणि भिंत मात्र नव्या रीतीने राहू द्यावी, असा माझा निवाडा होता. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, ती बाई आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, दाराचाच काळोख आहे.” त्याला मी काय दोष देऊ? त्याच्या हाती पुस्तक कुणी दिले नव्हते. फाइल दिली होती, तारीख दिली होती. मी त्याला कादंबरीची एक प्रत पाठवली. चार दिवसांनी फाइल आली. तिच्यात रात्र थंड होती, लुगडे तांबूस होते, भिंत शांत होती. शिवाय मी न सांगितलेली एक गोष्ट त्याने केली होती. पदराच्या कडेला, जिथे पणतीचा उजेड निसटता लागतो, तिथला काळा त्याने आपल्या हाताने किंचित उतरवला होता. तो पाठ जुन्या फाइलीत नव्हता. मी तो ठेवला. चित्रकार असते तर त्यांनीही ठेवला असता, असे मला वाटते, कारण तिथे कुणीतरी पाहिले होते.

आता वाचकांना एक विनंती. हा अंक तुमच्या हाती आहे, घरात फराळाचे ताट आहे, मुलांना सुट्टी आहे. मुलांच्या दप्तरात किंवा आजोबांच्या खणात एखादे भिंग असेलच. ते घ्या आणि या अंकाच्या मुखपृष्ठावर धरा. रंग विरून जातील आणि ठिपक्यांची रांगोळी दिसेल. काळे ठिपके ४५ अंशांच्या तिरप्या रांगेत, निळे १५ अंशांवर, किरमिजी ७५ वर, आणि डोळ्याला सर्वांत कमी जाणवणारे पिवळे सरळ रांगेत, अशी साधारण मांडणी असते. रांगा एकमेकींना अडवू नयेत म्हणून त्यांना असे कोन दिलेले असतात. मग एखादी काळी जागा शोधा: कुणाचे केस, एखादे काजळ, एखादी रात्र. तिथे भिंग धरून मुलांना विचारा, हा काळा किती रंगांचा आहे? अंगणातल्या मावशी पीठ घालताना ठिपके मोजतात, तशी पोरे मोजू लागतील.

आणि मागच्या वर्षांचे अंक माळ्यावर असतील, तर तेही खाली काढा. एखादे जुने चित्र कुणी पुन्हा छापलेले सापडले, तर दोन्ही शेजारी ठेवून पाहा. काय गेले, काय आले, आणि ते कुणी पाहून केले की आपोआप झाले, याचा निवाडा करायला पदवी लागत नाही. मीही मॅट्रिकपर्यंतच शिकलो आहे. पाचवीतल्या त्या मुलीइतके सरळ पाहता आले, म्हणजे पुरे.